काट्यांची साक्ष

काटा म्हटला की कुणाला घड्याळ आठवते, कुणाला वाण्याच्या दुकानातला तराजू आठवतो, तर खेड्यातल्या माणसाला बाभळीचा काटा आठवतो. मला मात्र तेलाच्या दाबाचा काटा आठवतो. त्याला माझा नाइलाज आहे. ज्या माणसाने सदतीस वर्षे लहान विमानांच्या इंजिनांची घड्याळे उघडली, पुसली, तपासली आणि परत जागेवर बसवली, त्याच्या डोक्यात दुसरे येणार तरी काय?

निवृत्त झाल्यापासून भेटेल तो मला एकच प्रश्न विचारतो. "अहो, त्या वैमानिकासमोर इतकी घड्याळे कशाला हो असतात?" प्रश्न रास्त आहे. मी सांगतो, की या घड्याळांच्या दोन जाती आहेत. पहिली जात विमान कुठे आहे आणि कसे चालले आहे ते सांगते: उंची किती, वेग किती, तोंड कुठल्या दिशेला. या जातीला मोठा मान. ती वैमानिकाच्या नाकासमोर बसते, आणि सिनेमात कॅमेराही तिच्यावरच रोखलेला असतो. दुसरी जात इंजिनाची. ती बिचारी बाजूला, कोपऱ्यात, कित्येकदा रुपयाएवढ्या तबकडीत अंग चोरून बसलेली असते. पण पहिल्या जातीने सांगितलेले सारे खरे ठरायचे, तर दुसरीचा कारभार नीट चालावा लागतो. या दुसऱ्या जातीशी माझा जन्माचा ऋणानुबंध. आज तिच्याविषयीच चार शब्द लिहावेत म्हणतो.

माझे वडील कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात पिठाची गिरणी चालवीत. गिरणीला तेलावर चालणारे इंजिन होते, आणि त्या इंजिनाला एकही घड्याळ नव्हते. मी विमानाच्या घड्याळांचे काम शिकायला निघालो, तेव्हा आप्पांना त्याचे हसू आले. ते म्हणाले, "आरं, इंजिन सोताच बोलतंय की! त्येला काटा कशापायी? कान ठेव म्हंजे झालं." आणि ते खरेही होते. इंजिनाचा ठेका जरा बदलला की आप्पा जोंधळ्याचे माप खाली ठेवीत. सिलिंडरवर तळवा टेकवीत, धुराचा रंग पाहत, तेल दोन बोटांत चोळून नाकाशी नेत. शंका आली तर सरळ इंजिन बंद. दळण थांबे, रांगेतल्या बायाबापड्यांच्या गप्पा अर्धा तास जास्त रंगत. त्यापलीकडे कुणाचे काही बिघडत नसे.

विमानात नेमके हेच करता येत नाही. इंजिन पोलादी पडद्याच्या पलीकडे. त्याला हात लागत नाही. धूर मागे उडून जातो. तो दिसत नाही. कानांवर तर हेडफोन. आणि मुख्य म्हणजे शंका आली म्हणून बंद करून पाहण्याची सोय नाही. मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशाला कड नसते. म्हणून आप्पांचा कान, त्यांचा तळवा, त्यांचे नाक, हे सारे तारांनी आणि नळ्यांनी लांबवून वैमानिकापुढे आणून ठेवावे लागते. इंजिनाची घड्याळे म्हणजे दुसरे काही नाही. लांबवलेली ज्ञानेंद्रिये आहेत.

ही गरज विमानाइतकीच जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले, तेव्हा त्यांच्या त्या लाकूड-कापडाच्या विमानावर तीन मोजमापाची साधने होती: वाऱ्याचा वेग मोजणारे एक यंत्र, एक थांबते घड्याळ, आणि इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा एक गणक. पहिले उड्डाण झाले अवघे बारा सेकंदांचे. पण त्या बारा सेकंदांतही आपले इंजिन किती फिरले, हे त्या दोघा सायकलवाल्यांना जाणून घ्यायचे होते!

फेऱ्यांचे घड्याळ हे आजही या घराण्यातले वडीलधारे. त्याला आम्ही टॅकोमीटर म्हणतो. त्याची करामत समजायला विज्ञानाचे पुस्तक नको, ताकाचा डेरा पुरे. रवी जोरात फिरू लागली की ताक तर फिरतेच, पण डेराही तिच्यामागे फिरू पाहतो. गृहिणी तो हाताने किंवा पायाने धरून ठेवते, आणि घुसळण जितके जोराचे तितकी ओढ जास्त, हे तिला कळते. टॅकोमीटरमध्ये रवीच्या जागी एक लोहचुंबक असतो. इंजिनापासून आलेल्या लवचीक दांड्याने तो गरगर फिरतो. डेऱ्याच्या जागी ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे लहान लहान भोवरे उठतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. तिला धरून ठेवणारा हात म्हणजे केसासारखी एक स्प्रिंग. ओढ आणि स्प्रिंग यांची जिथे तडजोड होते, तिथे काटा थांबतो. एका मिनिटाला किती फेऱ्या, ते तबकडीवर वाचायचे.

उड्डाणापूर्वी वैमानिक याच काट्याकडून इंजिनाची परीक्षा घेतो. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचे प्लग दोन, आणि ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन. एक गेला तर दुसरा निभावून नेतो. 'सेस्ना १५२' या शिकाऊ विमानात इंजिन १७०० फेऱ्यांवर आणून एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. फेऱ्या थोड्या उतरल्या पाहिजेत, पण १२५पेक्षा जास्त नाही, आणि दोन्हींच्या उतारात ५०हून अधिक फरक नाही. आता गंमत अशी, की फेऱ्या मुळीच उतरल्या नाहीत तर शिकाऊ पोरांना आनंद होतो, आणि आम्हाला घाम फुटतो. कारण त्याचा अर्थ, बंद केलेला मॅग्नेटो बंद झालेलाच नाही. उद्या कुणी पंखा हाताने हलवला, तर इंजिन अचानक उसळी घेईल आणि हात जायबंदी होईल. फार चांगला निकालही संशयास्पद असतो, हे मी या काट्याकडून शिकलो.

हाच काटा बर्फाचीही वर्दी देतो. कोकणात पावसाळ्यात बर्फ कुठले, असे आपण म्हणाल. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोराने जाते, तिच्यात पेट्रोलची वाफ होते, आणि या दोन्हींमुळे तिथे एकाएकी गारवा पडतो. बाहेर २५ अंश उष्मा असला आणि हवा दमट असली, तरी त्या गळ्यात बर्फ धरू शकते. मग हवेची वाट आवळत जाते आणि फेऱ्यांचा काटा चोरपावलांनी खाली सरकतो. अशा वेळी गरम हवेची कळ ओढावी लागते. कळ ओढताच फेऱ्या आणखी पडतात, इंजिन खोकते, नवशिका घाबरून कळ परत ढकलू पाहतो. पण तेवढे सोसले की बर्फ वितळते आणि काटा आपणहून वर येतो. औषध कडू लागले म्हणून थुंकायचे नाही!

आता माझा लाडका काटा, तेलाच्या दाबाचा. जत्रेत एक कागदी खेळणे मिळते. गुंडाळी केलेली चपटी नळी. फुंकली की सरळ होऊन समोरच्याच्या नाकाला लागते. युजेन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४९ साली हेच तत्त्व धातूच्या नळीत बांधून त्याचे पेटंट घेतले. चपटी, कमानीसारखी वाकवलेली नळी; एक टोक बंद. आत दाब आला की कमान उलगडू पाहते. ती उलगडते केसभरच, पण दातेरी चाकांनी ती हालचाल वाढवून काट्याला दिली की दाब वाचता येतो. वाफेचे बॉयलर, आगगाडीचे इंजिन, दवाखान्यातला ऑक्सिजनचा नळकांडा, सगळीकडे हीच कमान बसलेली आहे. पावणेदोनशे वर्षांत तिच्यापेक्षा साधी युक्ती कुणाला सुचली नाही.

सेस्ना १५२मध्ये इंजिनापासून एक बारीक नळी थेट या घड्याळापर्यंत येते. म्हणजे इंजिनातले प्रत्यक्ष तेलच वैमानिकासमोर येऊन उभे राहते. चालत्या इंजिनात दर चौरस इंचाला ६० ते ९० पौंड दाब हवा. तेवढा भाग तबकडीवर हिरवा. २५वर लाल रेघ. इंजिन सुरू केल्यावर तीस सेकंदांत काटा उठला नाही तर इंजिन बंद करायचे, चर्चा करीत बसायचे नाही. कारण तेल हे इंजिनाचे रक्त. ते थांबले की धातूवर धातू घासतो, आणि मग जे व्हायचे ते थोड्याच मिनिटांत होते.

त्याचा शेजारी तेलाच्या तापमानाचा काटा. जुन्या विमानांत तोही बूर्दाँच्या कमानीवरच चाले. आमच्या उमेदवारीच्या काळात फ्लाइंग क्लबांतून 'पुष्पक' विमाने होती. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेली, दोन माणसांची, नव्वद घोड्यांची. त्याच कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे या आपल्या मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झाले आणि १९५१ साली उडाले. पुष्पक त्यानंतर १९५८ साली उडाले. माझ्या हातांनी पहिली अक्षरे गिरवली ती या पुष्पकाच्या मोजक्या घड्याळांवर. सेस्नामध्ये मात्र तेलाचे तापमान विजेने कळते. तेलात बुडवलेल्या खुंटीचा विद्युतरोध उष्णतेप्रमाणे बदलतो आणि काटा हलतो. दाबाचे घड्याळ यंत्राचे, तापमानाचे विजेचे. दोघांची नळी वेगळी, तार वेगळी, दुखणी वेगळी. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आणखीही मंडळी आहेत. धुराड्यातल्या वायूचे तापमान सांगणारा काटा बॅटरीशिवाय चालतो. निकेलच्या दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडून धुराड्यात खुपसलेल्या असतात. सांधा तापला की तारांत आपोआप वीज उत्पन्न होते. दोन धातूंचा हा गुण झीबेक या संशोधकाने १८२१ साली दाखवला होता. सातशे-आठशे अंशांच्या त्या आगीत सुमारे तीस मिलिव्होल्ट एवढीच वीज निघते, पण काट्याला ती पुरते. तिच्यावरून पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण जमवतात. मोठ्या इंजिनांत नळकांड्यात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवणारे एक घड्याळ असते. त्याचा स्वभाव विचित्र. इंजिन बंद असताना ते सर्वांत मोठा आकडा दाखवते, मुंबईत सुमारे ३० इंच, पुण्यात २८. कारण तेव्हा ते नुसते बाहेरच्या हवेचा दाब सांगत असते. इंजिन मंद सुरू झाले की हवा ओढली जाते आणि काटा दहाबारा इंचांवर येतो. काम नसताना मोठा आकडा दाखवणारे घड्याळ विमानात हे एकच. माणसांत मात्र तसली पुष्कळ पाहिली.

राहिला पेट्रोलचा काटा. टाकीत एक तरंगता गोळा आणि त्याला जोडलेला विजेचा रोध. विमान वळले, डुलले की गोळाही डुलतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सरळ उड्डाणात वापरण्याजोगे पेट्रोल संपले, की या काट्याने शून्य दाखवले पाहिजे. आमच्या धंद्यातला जुना विनोद असा, की हा काटा खरे बोलतो ते फक्त शून्यावर. म्हणून शहाणा वैमानिक शिडीवर चढतो, टाकीचे झाकण काढतो आणि खुणा केलेली पट्टी आत बुडवून स्वतःच्या डोळ्यांनी पेट्रोल पाहतो.

येथवर यंत्रांची ओळख झाली. पण नुसत्या यंत्रांनी कुणाचा जीव वाचत नाही. काटा साक्ष देतो. निवाडा माणसाने करायचा असतो. साक्षीदार खरे बोलत असून त्याच्यावर विश्वास न ठेवणे, आणि तो चुकीचे बोलत असताना त्याच्यावर आंधळा विश्वास टाकणे, असे दोन्ही प्रसंग माझ्यासमोर घडले. ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला प्रसंग १९८०नंतरच्या दशकातला. मी तेव्हा दुसऱ्या प्रांतातल्या एका फ्लाइंग क्लबात होतो. त्याचे नाव सांगण्याची गरज नाही. एका विमानाच्या लॉगबुकात आठवडाभर एकच शेरा येत होता: 'तेलाचा दाब कमी दाखवतो. घड्याळ सदोष असावे.' घड्याळ बदलले. नवेही पन्नासवरच. मग तेही सदोष ठरले आणि दोन्ही माझ्या टेबलावर आली. आमच्याकडे एक परीक्षायंत्र असते. त्यात ठराविक वजने ठेवून तेलावर अगदी ठाऊक असलेला दाब देता येतो. मी दोन्ही घड्याळे त्यावर चढवली. दोन्ही अचूक.

आता दोन घड्याळे स्वतंत्रपणे एकच आकडा सांगत असतील, तर खोटे कोण? मी लॉगबुकाची मागची पाने चाळली. तेलाचे तापमानही त्याच आठवड्यात दोन रेघा वर चढलेले. त्यावर कुणी तरी लिहिले होते, 'उन्हाळा.' पण शेजारच्या दोन विमानांना तोच उन्हाळा होता, आणि त्यांचे काटे होते तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन पोरे त्या विमानातून लांबच्या उड्डाणाला निघायची होती. संध्याकाळी साहेब आले. म्हणाले, "अहो, एक सही तर करायची आहे. घड्याळ जरा कमी दाखवते, एवढेच ना? परत आल्यावर पाहू." साहेब वाईट माणूस नव्हता. विमाने कमी, पोरे जास्त, वरून तगादा. त्याचेही पोट त्यावरच होते. मी म्हटले, "साहेब, घड्याळ बरोबर आहे. म्हणून तर सही करता येत नाही." आणि रजिस्टरात एकच ओळ लिहिली: 'घड्याळ तपासले, ते बरोबर आहे, दाब खरोखर कमी आहे.'

ती ओळ खोडणे कुणालाच सोपे नव्हते. विमान थांबले. इंजिनवाल्यांनी तेलाची गाळणी उघडली, तेव्हा तिच्यात दिवाळीतल्या चमकीसारखे धातूचे कण चमकत होते. एक बेअरिंग झिजत आले होते. इंजिन दुरुस्तीला गेले. मला त्या वर्षीची वेतनवाढ मिळाली नाही. कारण विचारले तर 'सहकार्याचा अभाव' असे उत्तर आले. त्या दोन पोरांपैकी एक आज मोठ्या विमानाचा कॅप्टन आहे. त्या रात्री आपण कशातून वाचलो, हे त्याला ठाऊकही नाही. आणि ठाऊक नसावे हेच चांगले. आमच्या कामाला यश आले की काहीच घडत नाही. जे घडलेच नाही त्याचा सत्कार कोण करणार?

दुसरा प्रसंग माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतला, घाटावरच्या एका क्लबातला. सांगोल्याकडची एक मुलगी तिथे विमान शिकायला आली होती. बापाची डाळिंबाची बाग. त्यातला एक तुकडा विकून त्याने फी भरलेली. उड्डाणाचा एकेक तास म्हणजे त्या घरातला एकेक बैल, असा हिशेब. पोरीला तो पाठ होता.

ती एकदा एकटीच विमान घेऊन गेली असता वीस मिनिटांनी तेलाच्या दाबाचा काटा हिरव्यातून सरकत लाल रेघेकडे निघाला. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. तिने रेडिओवर कळवले, उंची सोडली नाही, खाली मोकळी शेते दिसत राहतील अशी वाट धरली आणि विमान परत आणून उतरवले. इंजिन शेवटपर्यंत व्यवस्थित चालले होते. तेवढे पाहून एक अधिकारी चिडले. "तापमान ठीक होते म्हणजे घड्याळच बिघडले होते, एवढे कळत नाही? ठरलेला धडा पुरा करायचा सोडून पळून आलीस." चार मुलांसमोर हे बोलणे झाले. मुलेही हसली.

दुपारी ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "काका, येऊ का?"

"ये की. बस."

"काका, सगळे म्हणतात मी घाबरून परत आले."

मी म्हटले, "लोकांचे राहू दे. तू काय पाहिलेस ते सांग." तिने सारे क्रमाने सांगितले; कोणता काटा, केव्हा, कुठून कुठे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिच्या बुटाकडे माझे लक्ष गेले. पांढऱ्या कॅनव्हासवर तेलाचे दोन ताजे डाग होते.

आम्ही दोघे हँगरमध्ये गेलो. मी घड्याळ बाहेर काढले. मागची बाजू तेलाने ओली. बूर्दाँच्या कमानीला केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून तेल झिरपत होते. नळीच्या सुरुवातीला सुईच्या अग्राएवढे एक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. नळी फुटली तरी तेल भडाभडा वाहून जाऊ नये म्हणून. त्या छिद्रातून तेल येणार थोडे, आणि चिरेतून ते निसटणार. मग घड्याळात दाब उरणार कसा? इंजिनातला दाब मात्र पुरेपूर होता.

पोरगी हिरमुसली. "म्हणजे घड्याळच खोटे बोलले. साहेबांचेच बरोबर."

मी म्हटले, "अगं पोरी, नीट विचार कर. तापमान ठीक होते, म्हणून घड्याळ बिघडले असावे, हा तर्क चांगला. पुस्तकातही तसेच आहे. पण तेल तापायला वेळ लागतो. दाब पडला की तापमान त्याच क्षणी चढत नाही. आणि तेल वाहायचेच थांबले, तर तापमानाची खुंटी कोरडी पडते. मग ती सांगणार तरी कुणाचे तापमान? वर बसून तुला घड्याळ उघडून पाहता आले असते का?"

"नाही."

"मग दोन साक्षीदारांत मतभेद झाला, तर जमिनीवर येऊनच निवाडा करायचा. तू तेच केलेस. आणि दुसरी गोष्ट. घड्याळ खोटे बोलले असे तरी कसे म्हणावे? तेल निसटते आहे, हेच ते सांगत होते. चीर घड्याळाला होती, पण गळत होते ते इंजिनाचेच तेल."

मी हेच सारे अहवालात लिहिले, आणि घड्याळ अहवालासोबत अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. ते बराच वेळ त्या चिरेकडे पाहत राहिले. काही बोलले नाहीत. पण पुढच्या तुकडीला शिकवताना त्यांनी ते घड्याळ वर्गात नेले, एवढे मला ठाऊक आहे. त्या तासाचे पैसे मात्र तिच्या खात्यातून कापले गेलेच. नियम तो नियम.

रविवारी तिचे वडील डाळिंबांची पाटी घेऊन भेटायला आले. पोरीने त्यांना सगळे सांगितले होते. मला वाटले, पैशांचे विचारतील. ते म्हणाले, "आमच्या हिरीवरच्या मोटारीला बी असला काटा हाय की वो. त्यो भलतीकडं गेला तर आम्ही आदी बटन दाबतो, मग इचार करतो. मोटर जळल्याव शानपन काय कामाचं?" आमच्या साऱ्या पुस्तकांचे सार त्या माणसाने विहिरीच्या काठावर उभे राहून केव्हाच काढले होते.

आता दिवस बदलले. नव्या विमानांत वाटोळी घड्याळे जाऊन काचेचे पडदे आले. प्रत्येक सिलिंडरचे तापमान वेगळे दिसते, आकडे आपोआप साठवले जातात, काही बिघडले की पडदा स्वतःच पिवळा-लाल होतो. हे चांगलेच आहे. त्याने अनेक दुखणी वेळेआधी कळतात. पण पडद्यामागे जाऊन पाहिले तर तापल्या सांध्याच्या त्याच दोन तारा आहेत, तेलात बुडवलेली तीच खुंटी आहे. तार सैल झाली तर पडदाही चुकीचेच सांगणार, फक्त जास्त सुबक अक्षरांत. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो: यंत्र ओरडेल तेव्हा पाहू, असे म्हणू नका. दर थोड्या मिनिटांनी नजरेची एक फेरी इंजिनाच्या घड्याळांवरून फिरवा. काटा लाल रेघेला लागला हे कुणालाही कळते. तो कालच्यापेक्षा एक रेघ इकडे आहे, हे ज्याला कळते तो वैमानिक.

ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे, की गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहून मान हलवली, तेव्हा मी नम्रपणे म्हणालो, "डॉक्टरसाहेब, एकाच घड्याळाची साक्ष पुरेशी नव्हे. दुसऱ्या यंत्राने, दुसऱ्या दंडावर पाहा." ते हसले आणि त्यांनी तसे केले. दोन्ही यंत्रांनी आकडा एकच सांगितला. मग वाद घालायला जागा उरली नाही. त्यामुळे यंदाच्या दिवाळीत चकली आणि शेव यांचा वाटा सौभाग्यवतीने आधीच निम्म्यावर आणला आहे. साक्ष माझ्या विरुद्ध गेली खरी. पण निवाडा मान्य आहे.